विहिरीच्या पोटाचे माप

दिनांक ९ जुलै १९६२ रोजी नेरच्या टपाल कचेरीतून नासिर शेख गफ्फार या शाळामास्तराने बत्तीस रुपये पंचवीस नव्या पैशांची मनिऑर्डर नागपूरला केली. ती परीक्षेची फी होती. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचा पदव्युत्तर वर्ग खरे तर इमारती-रस्त्यांच्या इंजिनिअरांसाठी होता. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याला तिथे बसायचे तर दोन अटी होत्या. गणित आणि पाण्याच्या प्रवाहाचे शास्त्र यांची परीक्षा द्यायची, आणि एका गावाच्या पिण्याच्या विहिरीवर आठ आठवडे काम करून अहवाल पाठवायचा. अहवालाची मुदत ३१ मार्च १९६३ होती. मुदत चुकली की अर्ज रद्द. दुसऱ्यांदा अर्ज करता येत नव्हता.

हा नाद नासिरला अमरावतीच्या कॉलेजात लागला. प्रयोगशाळेत सरांनी एकदा प्रत्येकाला घरचे पाणी बाटलीत आणायला सांगितले. नासिरच्या बाटलीतल्या पाण्यात नको ते सगळे निघाले. पाण्यात काय आहे ते त्याने पाच कागदांवर बिनचूक लिहिले, पण ते काढून मोहल्ल्याला चांगले पाणी कसे द्यायचे, हे त्याच्या एकाही पुस्तकात नव्हते. ते इंजिनिअराचे काम, असे सर म्हणाले. इंजिनिअरला विचारावे तर पाण्यात काय आहे ते केमिस्टला विचारा म्हणणार. दोन्ही एकाच माणसाला यायला काय हरकत आहे, असे नासिरच्या मनाने घेतले ते घेतलेच.

वडील गफ्फार मिस्त्री कापूस बाजाराच्या रस्त्यावर ऑइल इंजिने दुरुस्त करीत. पोराने पाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवलासुद्धा नाही.

"हेच पाणी पिऊन मी चाळीस साल इंजिनं खोलून राह्यलो," ते म्हणाले. "तुले मास्तरकीत काय कमी आहे बेटा?"

नासिरने वाद घातला नाही. पहाटे उठून गणित करायचे, दिवसा शाळा, आणि रविवारी एका ओव्हरसियरकडे नकाशे काढायला शिकायचे, असे सात महिने चालले. जानेवारीत परीक्षा झाली, पास झाला. राहिली विहीर.

नेरहून पाच मैलांवरच्या एका गावाची विहीर त्याने निवडली. शाळा सुटली की सायकलवर जायचे, ब्लीचिंग पावडर टाकायची आणि पाणी तपासायचे. शिकवलेल्या रीतीने त्याने माप घेतले. तोंडाचा व्यास बारा फूट. रहाटावरून दोरीला दगड बांधून सोडला, पाणी वीस फूट भरले. त्यावरून किती गॅलन आणि त्याला किती पावडर, हा हिशेब त्याने तीनदा तपासला. चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी गावच्या बायकांनी विहीर सोडली. पाण्याला दवाखान्यासारखा वास येई आणि घशात चरचरे. त्या नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या, जिथे गुरेही उतरत. बेबीताई म्हणून एक शेतकरीण होती, सगळ्या तिच्या मागे जात. ती रस्त्यातच नासिरला म्हणाली, "मास्तर, तुमचं औषध तुमीच प्या. आमाले काहून मारता?"

नासिरने तिथल्या तिथे लोटाभर पाणी पिऊन दाखवले. त्याने काही झाले नाही. बेबीताई तोंडाला पदर लावून हसली आणि घागर घेऊन झिऱ्याकडे गेली.

लोक जे पाणी पीत नाहीत त्याचा अहवाल नागपूरला चालणार नव्हता. मार्चच्या मध्यात तिथून एक साहेब पाहणीला येणार होते.

नासिरने मग आपल्या शास्त्राला विचारले. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे दोन थेंब टाकले की ते पिवळे होई. क्लोरीन जास्त तसा पिवळा गडद. इथे रंग हवा त्याच्या दुप्पट गडद होता. पावडर फार जोरकस असेल म्हणून ती तपासली, तर ती नेहमीचीच निघाली. पावडर बरोबर, वजन बरोबर, तर मग पाणीच कमी असले पाहिजे.

सरपंच मारोतरावांना हे पटले नाही. ती विहीर १९५६ साली त्यांनीच खोदवून घेतली होती. वरपासून खालपर्यंत बारा फूट रुंद, असा करार होता आणि मजुरी परसाने मोजून दिली होती. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीएवढी खोली म्हणजे एक परस. "तळापर्यंत बाराच फूट," मारोतराव म्हणाले. "तुमचं गणित कच्चं असन."

विहीर खोदणारा धावजी जवळच्या तांड्यावर राहत असे. नासिर तिथे गेला. धावजीने त्याला बाजेवर बसवले, चहा दिला, पावसापाण्याचे विचारले. विहिरीचे नाव काढले की मात्र विडी पेटवायचा. नासिर चार दिवस ओळीने गेला. पाचव्या दिवशी धावजीची विडी संपली होती.

"मास्तर, तुमी पोलीस तं नाही?"

"नाही, काका. मले फक्त पाण्याचा हिशेब पाह्यजे."

मग तो बोलला. मजुरी परसावर, रुंदीवर नाही. मुरूम सोपा, तिथवर बारा फूट रुंद. खाली काळा पाषाण लागला, सुरुंगाला पैसा नव्हता. तेव्हा सगळीकडून दोन-दोन फूट दगडाचा कंगोरा पायरीसारखा सोडून तो आठच फूट रुंदीने खाली खोदत गेला. मग झरा लागला, पाणी कंगोऱ्याच्या वर चढले, आणि त्यानंतर ते कधी तेवढे उतरलेच नाही. तालुक्यातले सगळे खोदणारे असेच करतात, असेही त्याने सांगितले.

"मारोतरावले समजलं तं माह्यावाले बैल नेईन," धावजी म्हणाला.

"अहवालात तुमचं नाव नसन. पण मले ते मोजल्याशिवाय लिहिता येत नाही."

दोन रुपये मजुरी ठरली. रविवारी भर दुपारी, गाव शेतात असताना, धावजी दोर धरून विहिरीत उतरला. नासिर वरून पाहत होता. जिथे त्याच्या वहीत वीस फूट पाणी होते, तिथे साठीचा धावजी कडेला छातीभर पाण्यात उभा होता आणि बांबूने कंगोरा मोजत होता. नासिर काठावरच खाली बसला. सात महिने त्याने आकडे घोटले होते, पण पाण्याखाली दगड कसा आहे ते त्याने कुणाला विचारले नव्हते.

कंगोऱ्यावर पडलेल्या तीन बादल्या आणि एक तांब्याची घागर धावजीने वर पाठवली. घागर बेबीताईची होती, दोन वर्षांपूर्वी सुटलेली. धावजी निघाला तेव्हा नासिरच्या खिशात मोड म्हणून आठ आणेच होते. ते त्याने दिले, बाकीचे अहवालाच्या गडबडीत राहून गेले.

संध्याकाळी मारोतरावांनी धावजीला विचारले, खाली काय होते? तो म्हणाला, "बालट्या."

नवा हिशेब केला तर पाणी निम्म्याहून थोडेच जास्त निघाले. त्या मानाने पावडर टाकली, वास गेला. तरी बायका लगेच परतल्या नाहीत. नासिर रोज काठावर काचेची नळी धरून उभा राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रंग दाखवी. बारा दिवसांनी बेबीताई तीच घागर घेऊन आली, आणि बाकीच्या तिच्या मागे.

साहेब आले ते आधी विहिरीकडे न जाता घरांत शिरले. कुठले पाणी पिता, असे त्यांनी बेबीताईला विचारले.

"इहिरीचं," ती म्हणाली. "मास्तरनं आधी लय औषध पाजलं, आता बरोबर पाजते."

साहेबांनी नासिरकडे पाहिले. चूक काय झाली, हे अहवालाच्या चौथ्या पानावर त्याने आधीच लिहिले होते: पहिले आकारमान प्रत्यक्ष न मोजता गृहीत धरले, सबब मात्रा चुकली. साहेबांनी ते पान उभ्याने वाचले आणि खाली सही केली.

जूनमध्ये प्रवेशाचे पत्र आले. गफ्फार मिस्त्रींनी ते दोनदा वाचून घेतले, हात पुसले आणि पोराच्या पेटीला स्वतः नवे कुलूप बसवून दिले. नागपूरला वर्गातले इंजिनिअर त्याला शिशीवाला म्हणत. १९६५ साली शिशीवाला दुसऱ्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला आणि पाणीपुरवठ्याच्या नोकरीवर जिल्ह्यातच परत आला. घाटंजी आणि केळापूर या भागातल्या विहिरी त्याच्याकडे आल्या. गावात गेला की टेप काढण्याआधी तो विचारी, ही कोणी खोदली?

धावजीचा तांडा १९६३ च्या पावसाळ्यानंतर कालव्याच्या खोदकामावर गेला. नासिर तिथे दोनदा जाऊन आला, पण त्याचा पत्ता लागला नाही. धावजीच्या मजुरीपैकी दीड रुपया देणे बाकी आहे.