खाजणात राहिलेलं फावडं

हे लिहायला मी जिवंत आहे ती इथे इंग्लंडात शेजारी राहणाऱ्या आजींमुळे. आयुष्यभर ब्रिस्टलमध्ये बस चालवून रिटायर झालेल्या इंग्रज बाई. आधी त्यांचे आभार, मग माझी अक्कल.

आजी खाडीकाठच्या शिकार क्लबच्या मेंबर. हा क्लब हिवाळ्यात रानबदकं मारतो आणि उन्हाळ्यात त्यांची बाळंतपणं करतो. घरटी बांधायची, खाजणातलं, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या दलदलीतलं, प्लास्टिक उपसायचं, पिल्लांवर लक्ष ठेवायचं. पाहुणचारात कसूर नाही; फक्त सप्टेंबरात शिकारीचा मोसम उघडला की यजमान बंदूक घेऊन येतात. हे कसं जमतं, असं मी विचारलं, तर आजी म्हणाल्या, "तुम्ही बकऱ्याला पाला घालत नाही का?" घरी फ्रीजमध्ये मटण होतं.

नवरा हॉस्पिटलात नोकरीला, मी दिवसभर घरात. काळजी करणं हा माझा फुलटाइम जॉब. एका शनिवारी आजींनी मला सरळ गाडीत घातलं. नवरा म्हणाला, "वा. नववीत शाळा सोडलेल्या बाईला थेट पर्यावरण खातं."

"तुझ्याकडे भांडी खातं ठेवून जाते," मी म्हटलं.

क्लबच्या अध्यक्षांनी बांधावर नियम सांगितला: शिट्टी वाजली की हातातलं तिथंच टाकायचं आणि बांधावर यायचं. भरती समोरून येत नाही, मागच्या ओहोळांतून येते. मी मान हलवली. इंग्रजी समजलं नाही की मी मान हलवते. समजलं तरी हलवते. माहेर सोलापूरकडचं. भरती मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेली, आणि तेही अर्धंच वाचलेलं.

दुपारी शिट्टी वाजली, सगळे निघाले. माझ्या हातात क्लबचं फावडं, चिखलानं बरबटलेलं. दुसऱ्याची वस्तू अशी परत करायची? आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा घासून, वर चमचाभर साखर घालून जाते. साखर नव्हती, निदान धुवावं म्हणून मी ओहोळाच्या काठाला उतरले. संस्कार ते संस्कार.

गमबूट रुतले. ओढावे तसे आणखी खाली. मघाशी समुद्राकडे चाललेलं पाणी आता उलटं फिरून माझ्याकडे यायला लागलं, घोट्याला, मग पोटरीला. मी ओरडलेसुद्धा नाही. लोकांना उगीच त्रास.

आजींनी बांधावरून मागे वळून पाहिलं. घरट्यांसाठी आणलेली फळी काखेत मारून त्या परत आल्या, ती चिखलावर टाकली आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासकट तिच्यावर पालथ्या झाल्या.

"फावडं सोड."

"पण ते क्लबचं आहे."

"क्लबकडे फावडी पुष्कळ आहेत, माय लव्हर. मागे बस, पाय बुटांतून काढ आणि सापासारखी सरपट."

ब्रिस्टलकडे कुणालाही 'माय लव्हर' म्हणतात. मी फावडं सोडलं. त्यांनी बाहीला धरून मला फळीवर ओढलं आणि आम्ही दोघी सरपटत, मी नुसत्या मोज्यांनिशी, बांधावर पोहोचलो. अध्यक्षांनी मला आपला कोट पांघरला, हातात चहा दिला आणि भरतीखाली ओहोळ नाहीसा झाला होता तिकडे बघत म्हणाले, "आता मात्र चांगलं स्वच्छ निघेल ते फावडं."

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय केलंस दिवसभर?"

"संवर्धन," मी म्हटलं, आणि मग बराच वेळ रडले.

आजींना थँक्यू म्हटलं की त्या म्हणतात, "डोन्ट बी सिली." उपकार फेडायची या देशात सोयच ठेवलेली नाही. त्या दिवसापासून त्यांचा गुडघा सुजतो. यंदा त्यांना बांधावरूनच खाजण बघावं लागलं. मी बंदूक धरणार नाही, ते माझ्यानं व्हायचं नाही. पण भरतीचं वेळापत्रक वाचायला शिकते आहे. गुडघा जरा साथ देऊ लागला की एक दिवस आजींचा हात धरून मी त्यांना खाजणाच्या टोकापर्यंत नेईन, आणि पाणी फिरायच्या आत परत आणीन. त्यांनी कितीही सिली म्हटलं तरी.