काय खाऊन आलास?

आमचे मालक आप्पा सकाळी कामगारापाशी कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. कुरकुंभच्या एमआयडीसीत त्यांचं टाक्या बनवायचं वर्कशॉप होतं. साडेआठला ते गेटवर उभे राहायचे आणि प्रत्येक वेल्डरला एकच गोष्ट विचारायचे, "काय खाऊन आलास?" जो अडखळला त्याला त्या दिवशी पगारी सुट्टी. "घरी बिनसलेल्याला काय खाल्लं ते आठवत न्हाई," हे त्यांचं शास्त्र. "आन् ज्याचं ध्यान न्हाई, त्याच्या हातात मी आग देत न्हाई."

मी तिथे सुपरवायझर, नुकताच डिप्लोमा करून आलेला. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. पोरं तर उत्तरं पाठ करून यायची. एकाने विचारायच्या आतच "दोन भाकरी, शेपू, ठेचा" असं घडाघडा म्हणून टाकलं. आप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्यालाही घरी पाठवलं. त्याचं खरंच बायकोशी वाजलं होतं. आप्पा लहानपणी बापाबरोबर मेंढरांमागे हिंडलेले. आजारी मेंढरू हेरायची ती नजर असावी.

एकदा मात्र हे शास्त्र चांगलंच अंगाशी आलं. जवळच्या कारखान्याची टाकी संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि तिचा शेवटचा जॉइंट जमेल असा एकटा दिनकर. त्या सकाळी तो गेटवर अडखळला. त्याची आई दवाखान्यात होती.

"जा तिच्याकडं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, टाकी आजच द्यायचीय," मी अक्षरशः विनवलं.

"मंग न्हाई द्यायची."

कारखान्याने आमचं सगळंच काम काढून घेतलं. वर्षाच्या आत वर्कशॉपला कुलूप लागलं आणि ज्याला जपलं तो दिनकरही बेकार झाला. मला आप्पांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. माणूस राखून धंदा घालवणाऱ्याला चांगला मालक म्हणायचं तरी कसं?

पुढे मी भांडगावला स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि दिनकरला बोलावून घेतलं. डिलिव्हरीच्याच एका दिवशी तो सुजलेल्या डोळ्यांनी कामावर आला. मी ते पाहिलं आणि हातातल्या ड्रॉइंगमध्ये मान घातली. त्याने काम उत्तम केलं, जॉब वेळेत गेला. तरी मला चैन पडेना. संध्याकाळी दौंडला आप्पांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"जॉब चांगला झाला?"

"झाला."

"मंग बरोबर केलंस. मला आसं जमलं आस्तं, तर तुम्ही समदी घरी बसला नसता."

हेच ऐकायला मी गेलो होतो, पण हायसं काही वाटेना. मग त्यांनी विचारलं, "दिनकरला झालं काय व्हतं?"

दिवसभर मी त्याच्याशी बोललोच नव्हतो.

आप्पा रागावले नाहीत; रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चल, बघून यिऊ."

आज आप्पा नाहीत. चांगला मालक त्यांच्यासारखा की माझ्यासारखा, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं, की त्या संध्याकाळी माझ्याच कामगाराच्या घरात मी त्यांच्या पाठीआडून शिरलो.