डोळे गेल्यावरचा स्वयंपाक

काचबिंदूनं सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. एका डोळ्यानं आधीपासूनच दिसत नव्हतं, दुसऱ्याला आता उजेड तेवढा कळायचा. दवाखान्यातून घरी आल्याबरोबर मी सांगून टाकलं, "आई, आता गॅसजवळ जायचं नाही." नवरा पहाटेच मौद्याला ड्युटीवर निघायचा, मी साडेनऊला ऑफिसात. दिवसभर घरात त्या एकट्याच. मला भीती वाटणारच.

आठ दिवस त्यांनी ते पाळलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "मले पंगू काहून करून राहिली वं? डोळे गेले, हात तर आहेत. एक महिना दे. तू समोर बस अन् पाह्य."

मी महिना दिला. खरं तर त्यांचा हट्ट आपोआप मोडेल, असं मला वाटत होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विळी माझ्या हातात दिली. "ही उचलून ठेव. इच्यावर आता माझा भरोसा नाही." भाजी चिरायचं काम कायमचं माझ्याकडे आलं, आणि त्याचं त्यांना दुःख झालेलं दिसलं नाही. जे जमणार नाही ते त्यांनी एका झटक्यात सोडलं आणि उरलेलं नव्यानं शिकायला बसल्या. सुळसुळीत साड्या पेटीत गेल्या, सुती तेवढ्या राहिल्या. पदर कमरेला घट्ट खोचल्याशिवाय त्या लायटरला हात लावत नसत. शेगडी पेटवताना आधी बर्नरवर भांडं नाही ना, हे चाचपायचं. कढईचा दांडा भिंतीकडे. तेल तापलं का, हे बघायला कणकेचा बारका गोळा टाकून कान द्यायचा. दूध उतू जायच्या आधी त्याचा आवाज जाड होतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. वीस वर्षं दूध तापवत होते, पण ऐकलं कधी नव्हतं.

आम्हालाही शिस्त लागली. ह्यांनी एकदा सांडशी दुसऱ्याच खिळ्याला टांगली तर आईंनी पन्नाशीच्या मुलाला उभं करून ऐकवलं, "वस्तू जागच्या जागी ठेव गा. तुले दिसते, मले नाही."

महिना संपला. त्यांच्या हाताला एकही चटका बसला नव्हता, माझ्या हाताला दोन बसले होते. मी नियम मागे घेतला.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता, ह्यांची त्याही दिवशी ड्युटी होती, वडाभाताचा बेत होता. भात झाला, वडे तळून झाले, आई खाली पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या. वरून घालायच्या फोडणीसाठी मी छोट्या कढईत तेल तापत ठेवलं आणि बहिणीचा फोन आला. आत रेंज नसते म्हणून गॅलरीत गेले. बोलता बोलता तेल विसरले.

"अवं, धाव! तेल जळून राह्यलं!"

मी आत आले तर कढईतून हातभर जाळ उठलेला. माझं डोकंच चालेना. मी नळ सोडला आणि पातेलं भरायला लागले.

पाण्याचा आवाज त्यांनी ऐकला. इतक्या जोरात ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "पाणी टाकू नको! नळ बंद कर! हातात काय आहे ते ठेव!"

मी ठेवलं. तोवर त्या गुडघ्यांवर सरकत ओट्याखालच्या सिलिंडरपाशी पोचल्या होत्या. रेग्युलेटर चाचपून त्यांनी बंद केला. "गॅस गेला. आता ते मोठं ताट घे. समोरून नाही वं, बाजूनं. हळू सरकव कढईवर."

मी ताट सरकवलं. जाळ दबला, कडेनं धूर आला, मग तोही थांबला.

"विझलं," मी म्हणाले आणि ताट उचलायला हात पुढे केला.

"उचलू नको! हवा लागली का पुन्हा पेटते. थंड होऊ दे. खिडकी उघड अन् इथं येऊन बस."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. वाटाणे सगळीकडे सांडले होते. मला रडू फुटलं. त्यांनी माझा हात धरला.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लगीन होऊन कन्हानले आली होती तेव्हा मीच पाणी टाकलं होतं. असंच तेल पेटलं होतं. भडकाच उडाला." त्यांनी बाही वर केली. दंडावरचा तो चुरगळलेला डाग मी कितीदा पाहिला होता, पण कशाचा म्हणून विचारलं नव्हतं. "सासूनं सांगितलं नव्हतं मले. कोणीच नाही सांगत. मीही तुले कुठं सांगितलं?"

तुझी चूक, फोन काय एवढा महत्त्वाचा होता, यातलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. चूक झाली ती आपण न सांगितल्यामुळं, असाच त्यांचा हिशेब होता. मी त्यांच्या जागी असते तर एवढं मोठं मन मला जमलं नसतं.

तासाभरानं ताट उचललं. कढई काळीठिक्कर झाली होती, भिंतीवर काजळी. दुसरी कढई घेऊन फोडणी आईंनी केली. मी शेजारी उभी राहिले, फोन बंद करून. कान तेलाकडे लावून त्यांनी मोहरी टाकली, ती तडतडून थांबेपर्यंत वाट पाहिली, मग हिंग, मग लाल मिरच्या.

आम्ही तीन वाजता जेवलो. भात गार झाला होता, पण फोडणी झणझणीत होती.