भाजीबाजारात राहिलेली स्कूटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

नांदेडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. माझे सासरे — त्यांना आम्ही मामा म्हणायचो — मुरुडला शिंपीकाम करायचे. अल्झायमर झाल्यावर लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आले. झालं, घरात मी तज्ज्ञ! ताटावर बसलो की सुरू व्हायचो: मेंदूत विचार करणाऱ्या पेशींभोवती आधारपेशी असतात, त्या त्यांना खाऊपिऊ घालतात, कचरा काढतात. या आजारात त्याच बिथरतात, ऑक्सिजनचे जहाल कण सोडतात, आणि त्या माऱ्यानं शेजारच्या पेशी खराब होत जातात — लोखंड गंजावं तशा.

गंज म्हटल्याबरोबर बायकोनं मामांना रोज आवळ्याचा रस चालू केला. मामा तोंड वाकडं करायचे. "जावईबापू, डोस्कं काय लोखंडाचं हाय का माझं?"

डॉक्टरांनी मात्र एवढंच सांगितलं होतं — चालू द्या, माणसांत राहू द्या. म्हणून मामा संध्याकाळी भाजीबाजारात चहा प्यायला जायचे. नातवाचं नाव विसरायचे, जेवलो की नाही ते विसरायचे, पण तो रस्ता कधी चुकले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. येतोच.

एका दुपारी मी गावातल्या सभागृहात व्याख्यान दिलं. विषय — स्मरणशक्ती कशी टिकवावी. टाळ्या पडल्या, शाल-नारळ मिळाला. येताना बाजारात मेथी घेतली, आणि शाल, नारळ, मेथी सगळं सांभाळत ऑटोत बसून घरी आलो. झोपलोसुद्धा.

स्कूटर? ती बाजारातच. किल्लीसकट.

संध्याकाळी बायको बँकेतून आली. "गाडी कुठंय?" — तेव्हा माझ्या लक्षात आलं. शाल अजून खुर्चीवर होती. त्या शालीसमोर मी काय सांगायचं होतं? तेवढ्यात मामा फिरून आले, आणि माझ्या तोंडून निघालं, "मामांनी नेली असेल. बाजारात बघून येतो."

बायकोनं त्यांना विचारलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं — बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जावईबापू म्हणतेत तर नेली असंल."

त्यांचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. माझ्यावर होता.

गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. बायकोनं डॉक्टरांना सांगितलं, बाबा गाडी घेऊन गेले आणि तिथंच विसरून आले. आजार वाढतोय, असं ते म्हणाले. मी शेजारी बसून गंभीरपणे मान हलवली — वर आधारपेशींबद्दल दोन वाक्यंही टाकली. काय म्हणावं मला?

मामांनी मात्र ती गाडी मनावर घेतली. आधी 'नेली असंल' होतं, त्याचं 'नेली' झालं. पुढं पाहुण्यांना सांगायला लागले — "पार कंधारला गेलतो. किल्ला बघितला. वाटंत पंक्चर झाली, तर ढकलत आणली." वीस वर्षांत स्कूटरला हात न लावलेला माणूस! पाहुणे हसायचे, मीही हसायचो. एकदा तर मी विचारलं, पंक्चर कुठं झाली? कशासाठी विचारलं?

संध्याकाळी ते चपला घालून फाटकाशी उभे राहायचे. "जरा उघडता का?" म्हणायचे. "मामा, परवा तुम्ही गाडी नेली होती ना," मी म्हणायचो. "हाव, नेली की," असं म्हणून बिचारे परत फिरायचे. चपला जागेवर नीट लावून ठेवायचे.

पुढं तो रस्ताही ते विसरले. आजारानं कधीतरी विसरायला लावलाच असता, असं मला म्हणता येईल. म्हणत नाही. कुलूप माझ्या तोंडातून आलं होतं.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. परवा लातूरला लग्नात बायकोनं कंधारची गोष्ट पुन्हा सांगितली, पंक्चरसकट. हसता हसता तिनं डोळे पुसले. पंगतीतली एक मावशी मला म्हणाली, "लई जपलं बघा तुमी त्याला. जावई असावा तर असा."

मी जिलेबी वाढून घेतली.