रिकामा डबा

पंचवटीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू माझा डबा कधी रिकामा परत करत नसत. घरच्या कुरडया, नाहीतर जुन्या लुगड्याची हातशिलाईची पिशवी त्यात असायची. "विकतचं नाय हो, घरचंच हाये," म्हणायच्या. स्वयंपाक नवरा-बायकोपुरता, अगदी मोजून. त्यांच्याकडे घासभरही उरत नसे.

काका गेले तेव्हा मी पिठलं-भाकरी नेऊन दिली. सुतकातल्या घरातून काही द्यायचं नसतं, म्हणून डबा रिकामा आला. देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर त्यांनी तोच डबा मागून नेला. संध्याकाळी त्यात हुलग्याचे गरम शेंगोळे आले.

"ह्यांच्या वाट्याचे हायेत," त्या म्हणाल्या. "हाताला अजून दोघांचाच अंदाज हाये."