मोबाइल पालथा ठेव

निकालाच्या दिवशी पोर ओट्यावर चढलं की बाई हात पुढे करायच्या. गुण बघायला मागतात असं समजून पोर मोबाइल द्यायचं. बाई तो न बघता कट्ट्यावर पालथा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी पाणी पी. मग काय शिकायचंय ते सांग. किती पडले ते मी शेवटी विचारणार आहे."

गिरीज गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. वर्तमानपत्रात रात्रपाळी, त्यामुळे दिवसा घरी. बाई ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ज भरायला संगणक लागायचा आणि त्यांच्याकडे तो नव्हता. म्हणून निकालांच्या हंगामात माझा लॅपटॉप, आणि त्याच्याबरोबर मी, खाली ओट्यावर.

असे ओटे तुम्हीही पाहिले असतील. निकालानंतर तिथे मुलं कमी बोलतात, आईवडील जास्त. बाई उलटं करायच्या. उमेळ्याहून एक आई आली होती. मुलाला कमी गुण पडले म्हणून पेढ्यांचा बॉक्स पिशवीतच ठेवला होता. बाईंनी सरळ पिशवीत हात घातला. "पास झालाय ना? मग कोणासाठी राखून ठेवलेत?"

एका मुलाने धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला बारावीला किती होते?"

"तुझ्या आजीला विचार. माझ्या मागच्या बाकावर होती. तिला माझ्याइतकेच पडले."

त्यांचा कडकपणा एकाच जागी होता. प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर पुढच्या फेरीत दुसरीकडे जाता येत नाही. घाबरलेली घरं इथेच चुकतात. गुण कमी पडले की हमखास मिळणारं कॉलेज वर टाकतात आणि हवं ते खाली. हमखास मिळणारं मिळतं आणि विषय तिथेच संपतो. बाई म्हणायच्या, "भीतीला शेवटचा नंबर द्यायचा. पहिला नाही."

मानसी शेजारच्या वाडीतली. केळी, नारळ, थोडी भाजी. तिला फळबागांचंच शिकायचं होतं, कोकणातल्या उद्यानविद्या महाविद्यालयात. सीईटीत तिला अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले. त्या दिवशी ती पाणी प्यायली नाही. पेला धरून बसून राहिली.

तिचे वडील दिनकर. बाईंचे जुने विद्यार्थी. त्यांचं म्हणणं असं की जवळचं खासगी कृषी कॉलेज पहिलं टाकावं, घरून जाऊन-येऊन होईल. "एवढ्या मार्कांत लांबचं मिळणार नाही. हेही गेलं तर पोरगी वर्षभर घरात. आणि शिकून काय करणार, परत केळीच लावणार ना?"

"तू न शिकता लावल्यास. ती शिकून लावेल," बाई म्हणाल्या.

दिनकर उठून गेले. त्यांच्या माघारी मानसीने कागदावर क्रम लावला. कोकणातलं पहिलं, जवळचं शेवटी.

पसंतीक्रमाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. आम्ही दुपारी बसलो. पान उघडायला वेळ लागत होता, मध्येच दिवे गेले, मी मोबाइलवरून इंटरनेट जोडलं. सगळं भरून झालं आणि पडद्यावर ओटीपी मागितला गेला. अर्जावर नंबर दिनकर यांचा होता. ते केळ्यांचा टेम्पो घेऊन आगाशीच्या बाजारात गेले होते.

बाईंनी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"दिनू, मेसेज आलाय बघ. आकडे सांग."

"पहिलं कुठलं टाकलंत?"

मी बाईंकडे पाहिलं. एक खोटं पुरेसं होतं. आकडे आले असते, अर्ज गेला असता.

"कोकणातलं," बाई म्हणाल्या. "तुझं शेवटी आहे."

पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. मानसी म्हणाली, "बाई, बदलू या. बाबा म्हणतात तसं करू." बाईंनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "बदलायचं तर तू बदल. मी हात लावणार नाही." तिने कळीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

साडेचारनंतर टेम्पोचा आवाज आला. दिनकर ओट्याच्या पायरीवर बसले, चप्पल न काढता. शर्टाच्या खिशातला मोबाइल काढला नाही.

"नाहीच मिळालं तर, बाई?"

"तर शेवटचं आहेच. तुझंच आहे."

"आणि मिळालं तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिनकर यांना भीती न मिळण्याची नव्हती, पोरगी लांब जाण्याची होती. त्यांनी मोबाइल काढला, मानसीपुढे धरला. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तूच वाच."

पहिल्या ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. अर्ज गेला तेव्हा पाचाला थोडाच अवकाश होता. बाईंनी पेला भरून दिनकर यांच्यापुढे ठेवला.

पहिल्या फेरीत जवळचंच कॉलेज मिळालं. मानसीने जागा राखून दुसऱ्या फेरीची वाट धरली. त्या दिवसांत, भर जुलैत, भिजलेल्या झाडांना पाणी घालताना मी बाईंना पाहिलं आहे. दुसऱ्या फेरीत कोकणातलं मिळालं. बातमी सांगायला मानसी धावत आली तर बाई म्हणाल्या, "आता सांग, किती पडले होते?"

तिने सांगितलं. "बरे आहेत की," बाई म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. खालच्या घराला कुलूप आहे. मी वर अजून राहतो.

यंदा निकालाच्या दिवशी खाली आवाज आला म्हणून डोकावलो. एक मुलगी ओट्यावर बसली होती. बाई गेल्याचं तिला कळलं नसावं. वाडीच्या बाजूने दिनकर आले, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पेला. तिने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो घेतला, चष्मा डोळ्यांवरच होता, आणि कट्ट्यावर पालथा ठेवला.