पत्र्याची सवत

आज जुन्या गाडीचं ऑइल बदलायला नट सैल केला, काळं कढत ऑइल घमेल्यात उतरलं आणि त्या वासाने अकोल्यातली एक सकाळ आठवली.

आमचे हे याच गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. डॉक्टरने नळी लावावी तसं पेचकसाचं टोक चालू इंजिनवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"हिचा आवाज बदलून राहिला," ते काळजीने म्हणाले.

माझा घसा केव्हाचा बसला होता. "अन् माहा बदलला, थो नाई आयकू आला तुमाले?"

"अद्रक टाकून चहा घे," डोळे न उघडताच उत्तर आलं.

त्या पत्र्याच्या सवतीवर मी दिवसभर जळले.

आता हे नाहीत. गाडीला मीच पेचकस लावून कान देते. ती त्यांना काय सांगायची, ते मला अजून सांगत नाही.